पिशवीतली बंदूक: खेळण्यांच्या मेळ्यातल्या एका फसलेल्या खरेदीचं प्रकरण

विज्ञानकथाप्रेमींचा दोन दिवसांचा मेळा. पुढच्या दालनात कलाकारांच्या सह्या आणि फोटो, मधल्या पट्ट्यात वेशभूषा करून आलेल्यांची गर्दी, आणि मागच्या मोठ्या हॉलमध्ये जुन्या खेळण्यांची शंभरेक टेबलं. आलेला संग्राहक अगदी नवखा नाही. घरी चित्रपटांतल्या पात्रांच्या तीसेक खेळण्यातल्या आकृत्या आहेत, पण सगळ्या फोटो बघून, घरबसल्या मागवलेल्या. टेबलासमोर उभं राहून, वस्तू हातात घेऊन खरेदी करायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाहेर पडला तेव्हा यादीतल्या तीनपैकी दोन वस्तू हातात होत्या, यादीत नसलेली एक होती, आणि मधल्या काळात एका खरेदीत तो फसून सावरला होता. मुद्दाम फसवणारं मात्र कोणीच नव्हतं. टेबलवाला प्रामाणिक होता, भाव वाजवी होता, आकृतीही अस्सल होती. चुकला तो तपासण्याचा क्रम.

एक खुलासा. ही एकाच माणसाच्या दोन दिवसांची नोंद नाही. अशा मेळ्यांत टेबलाच्या दोन्ही बाजूंना वारंवार जे घडतं ते एकत्र करून एका संग्राहकाच्या नावावर मांडलं आहे.

यादी आणि पैशांचे वाटे

यादी होती केनर या अमेरिकन खेळणी-कंपनीच्या स्टार वॉर्स आकृत्यांची. पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या या आकृत्या १९७८ ते १९८५ या काळात बाजारात येत राहिल्या. चित्रपट मे १९७७ मध्ये लागला, पण त्या वर्षीच्या नाताळापर्यंत खेळणी तयार नव्हती. म्हणून केनरने दुकानांत चक्क रिकामं पाकीट विकलं. आत एक कुपन होतं. ते पाठवलं की १९७८ मध्ये पहिल्या चार आकृत्या घरपोच. त्याच वर्षी पहिला बारा आकृत्यांचा संच पूर्ण झाला.

त्या बारांतल्या तीन हव्या होत्या: स्टॉर्मट्रूपर, प्रिन्सेस लेया आणि ल्यूक. तिन्ही ‘लूज’, म्हणजे पुठ्ठ्यावरून कधीच सुटलेल्या, पण ‘कम्प्लीट’. घोटाळा या दुसऱ्या शब्दात आहे. विकणाऱ्याच्या तोंडी ‘कम्प्लीट’चा अर्थ असतो की आकृतीसोबत जे यायला हवं ते सगळं आहे. घेणारा ऐकतो की जे आहे ते सगळं मूळचं आहे. आकृतीच्या हातातली चिमुकली बंदूक असणं वेगळं, ती त्याच काळातली असणं वेगळं. दोघंही खरं बोलत असतात आणि व्यवहार तरी चुकतो.

पैशांची आखणी मात्र चांगली होती. एकूण रकमेचे दहा वाटे: स्टॉर्मट्रूपरला दोन, लेयाला तीन, ल्यूकला दोन, डबे-पिशव्यांना एक, यादीबाहेरच्या वस्तूला एक, आणि शेवटचा एक वाटा दुसऱ्या दिवशीच्या अखेरच्या दोन तासांपर्यंत शिवायचाच नाही. सगळी रक्कम रोख, आणि त्यातली बरीच सुट्ट्या नोटांत. गर्दीच्या हॉलमध्ये मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, मग कार्डाचं यंत्र फिरत बसतं आणि मागचा माणूस तीच वस्तू रोख देऊन घेऊन जातो. याच कारणाने मूळ बंदुका, केप (आकृतीच्या अंगावरचा झगा) आणि कोरीव खुणांचे संदर्भ-फोटो आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवावे लागतात. हॉलमध्ये उभं राहून शोधू म्हटलं तर काहीच उघडत नाही.

सोबतचं सामान: दहापट मोठं दाखवणारं भिंग, बोटाएवढी एलईडी बॅटरी, पांढरा रुमाल, प्लास्टिकची कॅलिपर, दोन मापांच्या पॉलिथिनच्या झिप पिशव्या (बंदुकीसाठी ५ × ७.५ सेंमी, आकृतीसाठी ७.५ × १२.५ सेंमी), मार्कर, आणि आत फोम लावलेला कडक डबा. हातमोजे नव्हते, ते बरंच. सुती मोज्यांतून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची बंदूक हमखास निसटते, आणि पडली की टेबलाखालच्या गालिच्यात कायमची. धुतलेले, कोरडे हात पुरतात. पिशव्या पॉलिथिनच्याच घ्याव्यात. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतला मऊ ठेवणारा द्रव कालांतराने झिरपतो आणि आत ठेवलेल्या केपवर, हातापायांवर चिकट थर धरतो.

पहिलं टेबल: पाच मिनिटं

तिकीट साधं होतं. लवकर प्रवेशाचं तिकीट घेणारे तासभर आधी आत गेले होते. त्याहीआधी, टेबलं मांडली जात असतानाच, टेबलवाले एकमेकांकडची चांगली वस्तू उचलतात. सामान्य दार उघडतं तेव्हा हॉलमधला माल एकदा, कधी दोनदा चाळून झालेला असतो. तक्रार करण्यासारखं यात काही नाही, पण त्यामुळे आत शिरणाऱ्याच्या अंगात एक घाई भरते. ‘आता नाही घेतलं तर गेलं.’ या प्रकरणातली पहिली चूक त्या घाईची.

दारातून चौथ्याच टेबलावर स्टॉर्मट्रूपर दिसला. सुंदर, पांढरा. संग्राहकाच्या डोक्यात या आकृतीबद्दल एकच भीती होती, पिवळेपणाची, आणि ती रास्तच आहे. धड आणि हातपाय वेगवेगळ्या प्लास्टिकचे असल्याने ते एकसारखे पिवळे पडत नाहीत. बऱ्याचदा हातपाय पांढरे आणि छाती जुन्या दातासारखी. त्याने रुमाल अंथरला, आकृती त्यावर ठेवली, बॅटरी तिरकी धरली आणि धडाचा रंग हातांशी ताडून पाहिला. फरक नव्हता. ‘ब्लीच केलाय का?’ हेही विचारलं. हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उजेडाच्या मदतीने पिवळेपणा घालवता येतो, पण काही काळाने तो परत येऊ शकतो. उत्तर आलं, ‘नाही हो, लहानपणापासून डब्यात होता म्हणे. घरातून निघालेल्या लॉटमधला आहे.’

मग सांधे. या आकृत्या बहुतेक पाच ठिकाणी हलतात: मान, दोन खांदे, दोन मांड्या. स्टॉर्मट्रूपरची मान मात्र हलत नाही, त्याचे सांधे चारच. हात आडवा धरून हलकेच झटका दिला, हात तिथेच राहिला. पाय सरळ करून रुमालावर उभी केली, राहिली. पायाच्या मागे भिंगातून जनरल मिल्स फन ग्रुपची आद्याक्षरं, १९७७ आणि हाँगकाँग ही कोरीव अक्षरं वाचली. खूश.

इथे एक गैरसमज निस्तरू. पायावरचं १९७७ हे हक्कनोंदणीचं वर्ष आहे, बनवल्याचं नाही. तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालला, आणि १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या स्टॉर्मट्रूपरच्या पायावरही १९७७ च असतं. ‘सत्त्याहत्तरचा पीस आहे’ म्हणून कोणी वर पैसे मागत असेल तर त्याला अर्थ नाही. मालकी सांगणारी आद्याक्षरं मात्र उपयोगाची, आणि ती खरवडलेली दिसली तर थांबावं.

एवढी तपासणी चार मिनिटांत झाली, आणि चांगली झाली. बंदूक छोट्या पिशवीत होती. पिशवी पुठ्ठ्याच्या किमतीच्या चिठ्ठीला स्टेपल केलेली, चिठ्ठीवर ‘कम्प्लीट’. त्याने पिशवीतूनच पाहिली: काळी, योग्य आकाराची, बरोबर त्याच घडणीची. दोन वाटे मोजले. भाव केला नाही, कारण भाव ठीकच होता. पावती मागितली, टेबलवाल्याने वस्तूचं नाव, ‘कम्प्लीट’ हा शब्द आणि टेबलाचा क्रमांक लिहून दिला. संग्राहकाने टेबलाचा एक फोटोही काढला. या शेवटच्या दोन गोष्टींनी पुढे त्याला वाचवलं. त्या वेळी मात्र त्या निव्वळ सवयीने झाल्या.

चूक नेमकी कुठे? आकृतीच्या अंगाकडे चार मिनिटं आणि बंदुकीकडे चार सेकंद. खरं प्रमाण उलटं हवं. या आकृत्या कोट्यवधी बनल्या, साधा लूज स्टॉर्मट्रूपर नकली बनवून विकणं कोणाला परवडत नाही. हरवतात त्या बंदुका. सोफ्याखाली, झाडूबरोबर, वाळूत. त्यामुळे बंदुकीशिवायच्या आकृत्या ढिगाने उरल्या आणि त्यांच्या हातात द्यायला नवीन बंदुका बनू लागल्या. म्हणजे ‘कम्प्लीट’साठी जो वरचा भाव आपण मोजतो, तो जवळपास पूर्णपणे त्या काळ्या तुकड्याचा असतो, आणि नक्कल व्हायचीही शक्यता त्याच तुकड्याची. तपासणी तिथून सुरू व्हायला हवी: आधी बंदूक आणि केप, मग स्टिकर आणि रंग, मग सांधे, शेवटी पाय. पिशवी स्टेपल केलेली असेल तर ‘उघडून बघू का?’ म्हणायचं. चांगला टेबलवाला स्वतःच पिन काढून देतो.

नक्कल बाळगणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. मांडणीतल्या आकृतीच्या हातात रिप्रो, म्हणजे नव्याने बनवलेली, बंदूक देऊन ती छान उभी करणारे पुष्कळ आहेत. चिठ्ठीवर ‘रिप्रो’ लिहिलेलं असलं की कोणाचाच आक्षेप नसतो. अडचण होते ती बंदूक तीन हात बदलून चौथ्याकडे जाते आणि मधल्या कोणाला तरी ते लिहायचं सुचत नाही तेव्हा.

लेया, आणि सोबत एक कमांडर

दुपारी बाराच्या सुमाराला हॉलच्या मागच्या भिंतीशी लेया सापडली. तोवर त्याने काहीही न घेता एक पूर्ण फेरी मारली होती. हे खरं तर सकाळी पहिल्यांदा करायचं काम. पाठीवरची सॅक पुढे पोटाशी घ्यायची, टेबलांचे क्रमांक आणि दिसलेल्या वस्तू वहीत टिपायच्या, आणि अर्ध्या-पाऊण तासात अख्खा हॉल नजरेखालून घालायचा. यादीतली वस्तू तीन ठिकाणी दिसली तर तिचा त्या हॉलमधला भाव कळतो. एकाच ठिकाणी दिसली तर तेही कळतं.

लेयाची पांढरी केप व्हिनाइलची असते. बाह्यांसाठी दोन भोकं, आणि केप काढता-घालताना ताण बरोबर त्या भोकांच्या कडेवर येतो. फाटते ती तिथेच. केप काढायला सांगितली तर टेबलवाले नाखूश होतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण चाळीसहून अधिक वर्षं जुनं व्हिनाइल कडक झालेलं असतं. या वेळी संग्राहकाने काढायला सांगितलं नाही. बॅटरी केपच्या आतून, पाठीमागून धरली. उजेड आरपार आला तसा डाव्या भोकाच्या खाली तीन-चार मिलिमीटरचा तडा पांढऱ्या केसासारखा चमकला. समोरून तो दिसतच नव्हता.

‘इथे बघा, फाटायला लागलंय.’

टेबलवाली बाई भिंगातून बघून म्हणाली, ‘हो की. हे मला नव्हतं दिसलं. थोडं कमी करते.’

लगेच आकडा न मागता त्याने त्याच टेबलावरचा डेथ स्क्वॉड कमांडर उचलला. पहिल्या बारांतला, नंतर पुठ्ठ्यावर स्टार डिस्ट्रॉयर कमांडर असं नाव बदललेला. ‘दोन्ही घेतले तर?’ एका वस्तूवर घासाघीस करण्यापेक्षा दोन वस्तूंवर एकत्र भाव करणं दोघांनाही सोपं जातं. विकणाऱ्याची एक वस्तू कमी होते, आणि कोणत्या वस्तूवर किती सोडले हे कोणालाच मोजावं लागत नाही. साडेतीन वाट्यांत दोन्ही मिळाले, म्हणजे आखणीपेक्षा अर्धा वाटा कमी. कमांडरची बंदूक बाईंनी स्वतः पिशवीतून काढून दाखवली. ही आकृती लहानपणापासून त्यांच्याच घरातली होती.

कमांडरची निवड तेव्हा केवळ सौदा जुळवण्यासाठी होती. पण कमांडर आणि स्टॉर्मट्रूपर यांच्यासोबत एकाच घडणीची बंदूक येत असे. रात्री याचा उपयोग झाला.

मध्येच एक जावा

तीनच्या सुमाराला एका टेबलावर काचेखाली त्याच पहिल्या बारांतला जावा नावाचा झगाधारी बुटका होता, व्हिनाइलच्या केपसह. ही १९७८ ची प्रसिद्ध अडचण. जावा बाकीच्यांच्या मानाने बुटका, अवघा सव्वादोन इंची. सुरुवातीला त्याला व्हिनाइलची केप होती, लवकरच ती बदलून कापडाची केली गेली. त्यामुळे व्हिनाइलवाला जावा दुर्मिळ आणि महाग, आणि म्हणून सर्वांत जास्त खोटा बनवलेला. त्याच संचातल्या बेन केनोबीची तपकिरी व्हिनाइल केप कापून लहान केली की वरवर काम भागतं.

किंमत ‘संधी’ वाटावी इतकी कमी होती. संग्राहक पाच मिनिटं उभा राहिला आणि निघून आला. त्याचं कारण साधं होतं: खालची कड आणि बाह्यांच्या फटी साच्याने कापल्यासारख्या सलग दिसत नव्हत्या, एका ठिकाणी पात्याने दुसऱ्यांदा फिरवल्यासारखी पायरी होती. केप खोटीच होती असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण एवढ्या महागड्या तुकड्याबाबत संशय दूर करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. तज्ज्ञ संस्थेने तपासून ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केलेला नसेल, तर असा जावा मेळ्यात उभ्या उभ्या घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. ल्यूकचे दोन वाटे सोडले तर हाताशी दीडच वाटा उरलेला असताना तर नाहीच.

रांगेत गेलेले दोन तास

साडेतीन ते साडेपाच एका कलाकाराच्या सहीच्या रांगेत गेले. सही मिळाली, पण या काळात तीन टेबलांनी आवराआवर सुरू केली आणि वहीत टिपलेला एक ल्यूक विकला गेला. सह्या आणि खरेदी एकाच दिवशी ठेवायची असेल तर वेळापत्रक सकाळीच दोन रंगांत मांडावं, आणि रांगेच्या छापील वेळेत किमान तासभर जास्त धरावा. सही आकृतीवर किंवा चकचकीत पुठ्ठ्यावर घेणार असाल तर पेंट मार्कर न्यावा आणि वस्तू पाच-दहा मिनिटं उघडीच हातात धरून ठेवावी. ओल्या सहीवर पिशवी चढवली की ती आरशातल्यासारखी उलटी पिशवीवर उमटते.

दालनातल्या गर्दीबद्दल एवढंच: पंख, खांद्यावरची चिलखतं, जमिनीवर लोळणारे झगे घातलेली मंडळी अरुंद वाटेतून चालताना स्वतःची कड नेमकी कुठे संपते हे विसरतात. टेबलाच्या कडेला ठेवलेली वस्तू बघताना ती आधी आत सरकवावी.

रात्र: दोन बंदुका, एक पेला

खोलीवर परतल्यावर पिशव्यांवर नावं घालताना दोन्ही बंदुका योगायोगाने शेजारी आल्या. पांढऱ्या कागदावर ठेवल्या तेव्हा उघड्या डोळ्यांनाही काहीतरी खटकलं. कमांडरची बंदूक जराशी करड्या झाकेची, मंद. स्टॉर्मट्रूपरची सलग काळी, किंचित तुकतुकीत. रंगावरून मात्र काहीच ठरवू नये. मूळ बंदुकाही वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या काळ्या-निळ्या झाकांत बनल्या.

भिंगाखाली फरक स्पष्ट झाला. कमांडरच्या बंदुकीच्या नळीवरच्या खाचा धारदार, प्रत्येक खाचेला कोपरा. दुसरीच्या खाचा विरघळत चाललेल्या साबणावरच्या अक्षरांसारख्या गोलसर. साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे येणारी बारीक रेघ पहिलीवर केसाइतकी, दुसरीवर जाड, आणि एका बाजूला पापुद्र्यासारखं प्लास्टिक बाहेर आलेलं. मूळ वस्तूचाच साचा घेऊन नक्कल ओतली की बारकावे असे बोथट होतात. शिवाय ओतलेलं द्रव्य थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल बहुधा किंचित लहान निघते. कॅलिपरने मोजल्यावर दुसरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पण नक्की आखूड भरली. एकटा हा फरक पुरेसा नाही, कारण मूळ साचेही एकाहून अधिक होते.

मग पेला. संग्राहकांत एक ठोकताळा आहे: मूळ बंदूक पाण्यावर तरंगते, नक्कल बुडते. बहुतेक मूळ बंदुकांचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं आहे आणि बऱ्याच नकला जड द्रव्याच्या आहेत, एवढ्यापुरतं ते खरं. पण हा प्रयोग जवळपास सगळे चुकीचा करतात. बंदूक हळूच पाण्यावर ठेवतात आणि ती राहिली की खूश होतात. एवढी हलकी वस्तू पृष्ठताणानेही वर राहते, अगदी सुईसुद्धा राहते. योग्य रीत अशी: पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, बंदूक चिमट्याने तळापर्यंत न्यायची, हलवून चिकटलेले बुडबुडे सोडवायचे, मग चिमटा सैल करायचा. वर आली तर हलकी, तळाला राहिली तर जड. कमांडरची लगेच वर आली. स्टॉर्मट्रूपरची तळाशी आडवी पडून राहिली.

काही मूळ बंदुका बुडतात आणि काही नव्या नकला तरंगतात, म्हणून या प्रयोगावर एकट्याने निकाल देता येत नाही. पण खाचा, रेघ, माप आणि पाणी अशा चार गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. पाचवी त्याला शेवटी सुचली: बंदूक मुठीत बसवून पाहणं. कमांडरची बंदूक स्टॉर्मट्रूपरच्या मुठीत अलगद सरकून अडकली. स्टॉर्मट्रूपरची स्वतःची बंदूक आत घालताना अंगठा बाहेर ताणला गेला. तिची मूठ जाड होती. अशी बंदूक वर्षभर हातात ठेवली तर जुना अंगठा मुळाशी चिरतो. म्हणजे हा फक्त पैशांचा प्रश्न नव्हता.

दुसरा दिवस: परत त्याच टेबलावर

परत जाण्याची वेळ त्याने नीट निवडली. दार उघडल्या उघडल्या गेलं तर टेबलावर गिऱ्हाइकांची झुंबड असते, आणि चारचौघांसमोर ‘तुमची वस्तू खोटी’ म्हटलं की प्रामाणिक माणूसही बचावाला उभा राहतो. साडेअकराला, जरा निवांत असताना, पावती, स्टॉर्मट्रूपर, त्याची बंदूक आणि कमांडरची बंदूक घेऊन तो गेला. बोलणं असं झालं:

‘काल तुमच्याकडून हा घेतला होता. आकृती मस्त आहे, तिच्याबद्दल काही नाही. ही बंदूक जरा या दुसरीशेजारी ठेवून बघता का? मला ती मूळची वाटत नाहीये.’

टेबलवाल्याने भिंग मागितलं. बराच वेळ बघितलं. ‘ही दुसरी कुठली?’

‘कमांडरची. घरातूनच निघालेली.’

‘खाचा गेल्यात हिच्या,’ तो म्हणाला. ‘लॉटमध्ये तशीच पिशवीत आली होती, मी उघडलीच नाही.’

त्याने दोन पर्याय दिले: आकृती परत घेऊन सगळे पैसे, किंवा आकृती ठेवून बंदुकीचे पैसे परत. संग्राहकाने दुसरा घेतला. इतका स्वच्छ पांढरा स्टॉर्मट्रूपर दोन दिवसांत त्या हॉलमध्ये दुसरा नव्हता आणि मूळ बंदूक सुटी मिळू शकते. अर्धा वाटा परत आला. नकली बंदूक टेबलवाल्याने ‘ठेवा तुम्हीच’ म्हणून दिली.

सगळीकडे हे इतकं सरळ होत नाही. पावतीवर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं नसतं, टेबलाचा क्रमांक नसता, किंवा तो दुसऱ्या दिवशी आलाच नसता, तर सांगायला काही उरलं नसतं. पावती मागताना खरं तर आणखी एक शब्द लिहून घ्यायला हवा: ‘बंदूक मूळची’. टेबलवाला तो लिहायला कचरला, तर तेच उत्तर समजावं.

अखेरचे दोन तास

राखीव वाटा काढायची वेळ झाली तेव्हा हॉलमध्ये ल्यूक दोन उरले होते. शेवटच्या तासांत भाव उतरतात, कारण उरलेला माल पुन्हा गुंडाळून गाडीत भरायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. पण उतरतात ते साध्या मालाचे. चांगली वस्तू तोवर गेलेली असते.

ल्यूकची तलवार हाताच्या आतून सरकून बाहेर येते. पिवळी, टोकाला निमुळती, आणि ते निमुळतं टोक पहिलं मोडतं. पहिल्या ल्यूकची तलवार पूर्ण बाहेर काढली तर टोकाशी करकरीत सपाट कड: टोक गेलेलं. दुसऱ्याची अखंड होती, पण पिवळा फारच ताजा. विचारताच टेबलवाल्यानेच सांगितलं, ‘तलवार रिप्रो आहे, चिठ्ठीवर लिहिलंय बघा.’ खरंच लिहिलं होतं, बारीक अक्षरांत. नुसत्या अंगाचा भाव म्हणून तो परवडणारा होता, पण यादीत लिहिलं होतं ‘ल्यूक, मूळ तलवारीसह’, म्हणून दोन्ही तिथेच राहिले.

त्याऐवजी मोडक्या खेळण्यांच्या खोक्यात हात घातला. अशा खोक्यांत शेवटच्या तासात बरंच काही असतं. शेजारच्या टेबलावर एका मुलाने जी.आय. जो या सैनिकांच्या दुसऱ्या मालिकेतली जुनी आकृती उचलून कमरेतून वाकवली आणि ती दोन तुकडे होऊन हातात आली. सगळे हळहळले. त्या आकृत्यांच्या पोटात धड आणि पाय जोडणारं काळं रबरी कडं असतं, १९८२ पासूनच्या मालिकेत तीच रचना. रबर वाळलं की तुटतं. पाठीवरचा स्क्रू योग्य मापाच्या फिलिप्स पेचकसाने काढून नवीन कडं घातलं की दहा मिनिटांत आकृती पूर्ववत होते, त्यामुळे नुकसान फारसं नव्हतं. पण टेबलावरची जुनी जो-आकृती विचारल्याशिवाय वाकवू नये, हे त्या मुलाला आता कोणी सांगायची गरज नाही.

खोक्यात मूळ बंदूक निघाली नाही. दोन वाटे ल्यूकसाठीचे, एक राखीव आणि दोन्हीकडून वाचलेले अर्धे-अर्धे, असे चार वाटे खिशातच परत निघाले. फोमच्या डब्यात तीन आकृत्या, प्रत्येकीच्या बंदुकीसाठी वेगळी पिशवी. पिशवी आकृतीशी रबर लावून बांधलेली नव्हती, कारण रबर प्लास्टिकवर तपकिरी डाग सोडतं. स्टॉर्मट्रूपरची बंदुकीची पिशवी रिकामी, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: ‘हवी’.

नकली बंदुकीच्या मुठीच्या तळाला घरी आल्यावर लाल एनॅमल रंगाचा एक ठिपका दिला गेला, पुसला जाणार नाही असा, म्हणजे पुढे ती कोणाच्याही हातात गेली तरी ‘कम्प्लीट’च्या चिठ्ठीला स्टेपल होणार नाही. आता ती भिंगाच्याच डबीत असते. बोथट खाचा कशा दिसतात ते टेबलासमोर उभं राहून ताडून पाहायला तिचा उपयोग होतो.